तुरुंगाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत



१९२२ सालापासून चालत आलेल्या या वसंत व्याख्यानमालेत मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते विडी कारखान्याच्या ओट्यावर, संपाच्या मांडवात आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आमच्या बोलण्यात अलंकार सापडणार नाहीत. डोळ्यांनी पाहिले आणि हातून घडले तेवढेच आम्ही सांगणार आहोत, आणि हातून चुकले तेही सांगणार आहोत.

चालकांनी आम्हांला ‘कामगार चळवळीपुढील प्रश्न’ असा विषय सुचविला होता. आम्ही त्यांना म्हणालो, त्या विषयावर आम्ही दररोजच बोलतो; या वेळी ज्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही अशा बायकांबद्दल बोलू द्या. तुरुंगातून सुटून आलेल्या बाईचे पुढे काय होते, हा आजचा विषय आहे. हा प्रश्न पोलिसांचा किंवा समाजसेवकांचा, कामगार संघटनेचा त्याच्याशी काय संबंध, असे आपणांस वाटण्याचा संभव आहे. आम्हांलाही एके काळी तसेच वाटत होते. ते वाटणे किती महागात पडले, ती हकीकत प्रथम सांगतो.

गोष्ट २००९ सालची. पावसाळ्याचे दिवस होते. युनियनच्या कचेरीत संध्याकाळी एक बाई आली. वय पस्तिशीचे. हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, तीत एक लुगडे आणि कागदाची घडी. आम्ही ओळखले. पाच वर्षांपूर्वी ती आमचीच सभासद होती, हजार विड्यांचे काम दिवसात हातावेगळे करणारी. मध्यंतरी तिच्यावर खटला झाला, शिक्षा झाली, ती भोगून ती परत आली होती. गुन्हा कोणता, हे आम्ही मुद्दामच सांगणार नाही. कारण ते सांगितले की येथे बसलेले आपण सर्वजण न्यायाधीश होऊन बसू, आणि ते काम एका न्यायाधीशाने अगोदरच पुरे केलेले आहे.

ती म्हणाली, “दादा, माझं कार्ड चालू करा आन् ठेकेदाराला दोन शब्द सांगा. पानं-तंबाखू द्यायला तो नगं म्हनतो.”

मागणी एवढीच होती. घरी नेऊन वळण्यासाठी पान, तंबाखू आणि दोरा ठेकेदाराकडून मिळावा आणि आठवड्याला हिशेब व्हावा. परंतु ही बातमी ओट्यावर पोहोचली आणि कुजबूज सुरू झाली. आमच्याच सभासद भगिनी कचेरीत आल्या. “तिला आमच्या रांगेत बसवू नका. कुणाचा माल हरवला तर नाव कुणाचं घ्यायचं?” असे एकीने विचारले. दुसरी म्हणाली, “आमच्या पोरीबाळी आहेत.” त्या वेळी मजुरीच्या दरासाठी लढा तोंडावर आला होता. बायकांत फूट पडू नये, एवढेच आमच्या डोळ्यांपुढे होते. आम्ही त्या बाईला सांगितले, “जरा दम धर. दोन महिन्यांनी ये.”

‘दोन महिन्यांनी ये’ या शब्दांचा अर्थ गरिबाला बरोबर कळतो. ती पुन्हा आली नाही.

सव्वा वर्षानंतर मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका ढाब्यामागे ती आमच्या दृष्टीस पडली. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत भांडी घासत होती. मजुरी काय, म्हणून विचारले तर दोन वेळचे जेवण आणि भटारखान्यामागच्या पडवीत निजायला जागा. रोकड एक पैसा नाही. त्याच ढाब्यावर आणखी दोन बायका कामाला होत्या. त्यांनी पगारवाढ मागितली तेव्हा मालक त्यांना म्हणाला होता, “ती बघा, फुकट करते. तुम्हांला कशाला वाढवून देऊ?”

मंडळी, आमच्या डोक्यात प्रकाश पडला तो येथे. इतकी वर्षे आम्ही कामगारांना शिकवीत आलो की, ज्याच्यापाशी तक्रार करायला तोंड नाही तो कामगार सर्वांत स्वस्त असतो, आणि तो स्वस्त असला की शेजारच्याचीही किंमत पडते. हे बदली कामगारांच्या बाबतीत आम्ही सांगितले, परप्रांतीयांच्या बाबतीत सांगितले. मात्र आमच्या दाराशी आलेल्या बाईचे तोंड आम्हीच बंद केले आणि तिला त्या ढाब्यावर पोहोचविले. ढाब्याच्या मालकाला शिव्या देणे सोपे होते. परंतु त्याला ती बाई पुरविली कोणी? आम्ही पुरविली.

यास्तव आजच्या बोलण्याचे सार आरंभीच सांगून टाकतो. तुरुंगातून आलेल्या बाईला आपली दया नको आहे. तिला चारचौघींच्या रांगेत, चारचौघींच्या दराने काम हवे आहे. बाकीच्या सर्व गोष्टी त्या कामाला टेकू देण्यासाठी आहेत.

आता या बायका आहेत किती, ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साल संपताना देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांत स्त्रिया २३,७७२. म्हणजे शंभरांत चार. संख्या थोडी म्हणून प्रश्न लहान, असा हिशेब कोणी मांडील. वास्तविक संख्या थोडी असण्यातच त्यांच्या दुःखाचे मूळ आहे. तुरुंग बांधले गेले ते पुरुषांसाठी. निव्वळ स्त्रियांसाठी असलेली भायखळा-येरवड्यासारखी ठिकाणे थोडी. बाकी ठिकाणी पुरुषांच्या तुरुंगातच एका बाजूला भिंत घालून बायकांची बराक केलेली. त्यामुळे बाई पुष्कळदा आपल्या गावापासून लांब पडते. भेटीला येणाऱ्याची एक दिवसाची मजुरी बुडते आणि एस.टी.चे भाडे वेगळे.

कोणत्याही तुरुंगाच्या दाराशी मुलाखतीच्या दिवशी जाऊन पाहा. रांगेत बायका दिसतील. कोणी नवऱ्यासाठी, कोणी मुलासाठी, कोणी भावासाठी डबा आणि कपडे घेऊन आलेली. आता आत असलेल्या बाईसाठी कोण आले आहे, ते शोधा. म्हातारी आई सापडली तर सापडेल. नवरा क्वचितच. पुरुष तुरुंगात गेला तर त्याचे घर त्याची वाट पाहते. बाई गेली की तिचे घर मिटते.

दुसरा आकडा याहून विचार करण्याजोगा आहे. त्या पावणेसहा लाखांपैकी ४,३४,३०२ लोक कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. चारांतले तीन! यांतले पुष्कळजण उद्या निर्दोष सुटतील. परंतु गावाच्या लेखी ‘निर्दोष सुटली’ असे काही नसतेच. ‘आत जाऊन आली’ एवढेच असते. गुन्हा शाबीत झालेली आणि न झालेली, या दोघींना आपण एकच शिक्षा देतो. न्यायालयाच्या शिक्षेला निदान तारीख असते. आपल्या शिक्षेला तारीख नाही.

कित्येक बायका तर जामीन मंजूर होऊनही आतच राहतात, कारण जामीन राहायला माणूस नाही. जामीनदाराला मालमत्तेचा कागद लागतो, आणि ज्या बाईच्या नावावर चूल सोडून काही नाही तिच्यासाठी असा कागद कोण काढणार? ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यासंबंधी सूचना दिल्या. जामिनाचा हुकूम झाल्यापासून महिन्याच्या आत पूर्तता झाली नाही तर न्यायालयाने आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करावा, आणि स्थानिक जामीनदाराचा हट्ट धरू नये, असा त्यांचा आशय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या ४७९ कलमान्वये, पहिल्यांदाच आरोप आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की, मृत्युदंडाचे वा जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद सोडता, त्याला मुचलक्यावर सोडावयाचे आहे. कायदा चांगला आहे. परंतु कायदा कागदावर असतो आणि बाई बराकीत असते. मधला पूल माणसांना व्हावे लागते. हे कलम आपल्याला लागू पडते, हे त्या बाईला सांगणार कोण?

समजा, ती सुटली. आता तिच्याबरोबर तुरुंगाच्या दारापासून चालत जाऊ. मोठ्या फाटकातली दिंडी उघडते. पुष्कळदा दिवस कललेला असतो. हातात पिशवी. अंगावर असतील तेवढे कपडे. पुरुष सुटला तर तो रात्र एस.टी. स्टँडवरच्या बाकावर काढील आणि सकाळी गाडी धरील. बाईने तसे केले तर रात्रीतून काय होईल, ते आपण जाणता. आणि अशा वेळी जी व्यक्ती तिला ओळखते, जागा देते, खाऊ घालते, ती बहुधा तिला पहिल्यांदा अडकविणाऱ्या टोळीतलीच असते. चांगल्या माणसांना तिच्या सुटकेची तारीख ठाऊक नसते. वाईट माणसांना ती बरोबर ठाऊक असते. तेव्हा पहिली गरज छपराची, आणि ती पहिल्याच रात्रीची.

दुसरी गरज कागदाची. आपण शिकलेली माणसे कागदाला किरकोळ समजतो. पाच वर्षे घरात नसलेल्या बाईचे नाव शिधापत्रिकेतून कमी झालेले असते. बँकेचे खाते व्यवहार नसल्यामुळे निजलेले असते. आधारकार्ड सासरी, आणि सासरचे दार बंद. पत्त्याचा पुरावा हवा तर घर हवे, घर भाड्याने हवे तर पत्त्याचा पुरावा हवा. या चरकात माणूस सापडला म्हणजे त्याचा चोथा होतो. आमच्या एका भगिनीला तीन कचेऱ्यांत मिळून अकरा खेटे घालावे लागले, आणि प्रत्येक टेबलावर तिला एकच प्रश्न आला, “इतकी वर्षं होता कुठं?” हा प्रश्न विचारणारा कारकून दुष्ट नव्हता, त्याच्या अर्जात तो रकाना होता. परंतु अकरा वेळा भर कचेरीत तिने त्याचे उत्तर कसे द्यावे?

तिसरी गोष्ट लेकराची. आईबरोबर मूल सहा वर्षांचे होईपर्यंत तुरुंगात राहू शकते. त्या मुलांचे खाणेपिणे, औषध, शिक्षण कसे असावे यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सविस्तर आदेश दिले. २०२२ अखेर १,५३७ आयांजवळ अशी १,७६४ मुले तुरुंगात होती. सहा वर्षे झाली की मूल बाहेर जाते. नातेवाईक असले तर त्यांच्याकडे, नसले तर बालगृहात. पुढे आई सुटते आणि मुलाला आणायला जाते. संस्थेतून मूल परत मिळावयाचे तर बालकल्याण समितीपुढे उभे राहावे लागते. समिती साहजिकच विचारते, राहता कुठे, कमावता किती? हा प्रश्न योग्य आहे, मुलाच्या हिताचा आहे. परंतु पाहा, घर नाही म्हणून मूल नाही, काम नाही म्हणून घर नाही, आणि ‘आत जाऊन आली’ म्हणून काम नाही. कोठूनही सुरुवात केली तरी आपण कामापाशीच येतो.

नातेवाइकांकडे वाढलेल्या मुलाची गोष्ट आणखी निराळी. आमच्या एका सभासद भगिनीचा मुलगा मावशीला आई म्हणत होता. ही त्याला भेटायला गेली तेव्हा तो मावशीच्या पदराआड लपला. ती आम्हांला म्हणाली, “दादा, सगळं सोसलं, पण हे नाही सोसवत.” आम्ही काय उत्तर देणार? मावशीनेही त्याला पोटच्यासारखे वाढविले होते. शेवटी दोघी बहिणींनीच मार्ग काढला. दर रविवारी आईने जावे, स्वयंपाक करावा, मुलाला जेवू घालावे आणि परत यावे. दोन वर्षे असे रविवार गेले. मग एके रविवारी मुलगा तिच्याबरोबर आपण होऊन निघाला. काही दुरुस्त्या अशाच सावकाश व्हायच्या असतात. परंतु त्या दोन वर्षांत तिच्या हाताला काम होते, मुलासाठी पिशवीत खाऊ नेण्याची ऐपत होती, म्हणून ते रविवार निघाले, हेही विसरता कामा नये.

व्यसनमुक्तीच्या उपचारांतून बाहेर पडलेल्या बाईचीही वाट हीच आहे. पुण्याला अवचट दांपत्याने १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या संस्थांमुळे व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला थोडेफार पटले. तरी हे पटणे अजून पुरुषांपुरतेच आहे. दारू सोडलेल्या पुरुषाचा आपण सत्कार करतो, त्याला अनुभव सांगायला बोलावतो. दारू सोडलेल्या बाईला तिचे घरचे लोक म्हणतात, कुणापुढे बोलू नकोस. जिने मोठी लढाई जिंकली तिला ती जिंकल्याचेच लपवावे लागते.

आता आपल्यातला कोणी म्हणेल, हे सर्व नवे खूळ आहे, आपल्या समाजाच्या रीतीत हे बसत नाही. आम्ही वाचनालयाच्या बाकावर जे थोडेबहुत वाचले त्यावरून उलटच दिसते. १८६३ साली महात्मा फुल्यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवणुकीला बळी पडलेल्या विधवा जन्मलेले मूल मारीत आणि काळ्या पाण्यावर जात, हे पाहून त्यांनी दार उघडले. या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यावयाचे तर न्या, ठेवावयाचे तर ठेवा, असा त्या घराचा शिरस्ता होता. मागचे काढावयाचे नाही! आणि त्या बाळंतिणींचे सावित्रीबाई स्वतः करीत. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

१८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती कमी होत होत पुढे पाच वर्षांच्या कैदेवर आली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर जे तोंडसुख घेतले गेले त्याने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले. बाई एकटी पापी कशी, त्या पापातला पुरुष कुठे गेला, हा त्यांच्या विचारण्याचा रोख. आज तुरुंगातल्या कोणत्याही बराकीत जाऊन हा प्रश्न विचारा. गांजाची पिशवी बाईच्या हातात सापडते. ती पिशवी तिच्या हातात देणारा बाहेर असतो. आम्हांला मात्र त्या पुस्तकाबरोबर नेहमी त्या विजयालक्ष्मीचीही आठवण होते. पाच वर्षे संपल्यावर ती कोणाच्या दारात उभी राहिली असेल?

पुरुष कैद्यांवर विश्वास टाकण्याचा प्रयोगही आपल्याच भूमीत झाला. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. भिंत नाही, कुंपण नाही. कैद्यांनी शेती करावी आणि माणसासारखे राहावे. त्यावरूनच पुढे १९५७ साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. तो पाहून आपल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आले. आमचे म्हणणे इतकेच की, पडद्यावरच्या सहा पुरुष कैद्यांसाठी जे पाणी आले, त्यातले दोन थेंब गल्लीतल्या त्या एका बाईसाठी ठेवा.

कायदाही याच दिशेने जाण्यास सांगतो. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यान्वये, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर ज्यांना सोडून दिले जाते त्यांच्याविषयीच्या कायद्यान्वये, अशा व्यक्तीला त्या दोषसिद्धीमुळे येणारी कायद्याची अपात्रता लागत नाही. तसे त्याचे १२ वे कलमच आहे. आपले कित्येक मालक आणि अधिकारी हे कलम जाणत नाहीत, आणि ज्या बाईला त्याचा आधार आहे तीही जाणत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१० साली स्त्री-कैद्यांसाठी सत्तर नियम मान्य केले. त्यांत सुटकेनंतरच्या मदतीला स्पष्ट जागा आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हे काम करीत आला. म्हणजे वाट नाही असे नाही. वाटेवर माणसे थोडी आहेत.

आमच्या युनियनने काय केले, ते आता सांगतो. ढाब्यावरून परतल्यावर आम्ही सभासद भगिनींची सभा बोलावली आणि झाला प्रकार सांगितला. त्या दोन बायकांची पगारवाढ कशी मारली गेली, ते विशेष करून सांगितले. बराच गोंधळ झाला. एक वृद्ध सभासद उठली. जन्मभर विड्या वळून तिची बोटे वाकडी झालेली होती. ती म्हणाली, “ठेकेदार आपल्या विड्यांतली छाट काढतो, चांगल्या विड्यापण फेकतो, तवा आपण भांडतो का न्हाई? मग माणसातली छाट आपणच का काढावी?” खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांना आमच्यात छाट म्हणतात, तिची मजुरी मिळत नाही. आमचे तासाचे भाषण जे करू शकले नाही ते तिच्या एका वाक्याने केले. ठराव झाला.

ठराव साधा आहे. सभासदत्वाच्या अर्जात मागच्या आयुष्याचा रकाना नाही आणि तोंडीही तो कोणी भरावयाचा नाही. तुरुंगातून आलेल्या बाईचे कार्ड त्याच दिवशी करावयाचे. उद्या नाही, दोन महिन्यांनी तर नाहीच. तिच्याबरोबर एक जुनी सभासद सोबतीण म्हणून द्यावयाची. बँकेत, शिधावाटप कचेरीत, ठेकेदाराकडे, जेथे जाणे असेल तेथे सोबतीण पुढे. कारकुनाने “होता कुठं?” विचारले की उत्तर सोबतिणीने द्यावयाचे, “आमच्या सभासद आहेत, पुढचं बोला.” पहिल्या पंधरवड्यापुरती थोडी उचल युनियनच्या निधीतून द्यावयाची. ही भिक्षा नव्हे. परत घ्यावयाची उचल आहे, आणि ती परत घेतलीच पाहिजे. ज्याच्याकडून आपण परतफेडीची अपेक्षा करीत नाही त्याला आपण बरोबरीचा मानीत नाही. शेवटची अट अशी की मजुरी तिच्याच हाती किंवा तिच्याच खात्यात. नवऱ्याच्या, दिराच्या, भावाच्या हाती नाही.

हा ठराव घेऊन आम्ही पुन्हा त्या ढाब्यावर गेलो. मनात क्षमायाचनेचे मोठे भाषण जुळविले होते. “बाई, आमची चूक झाली,” असे म्हणून आम्ही सुरुवात केली. तिने राखेचे हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, “दादा, ते राहू द्या. कार्ड आणलंय का?”

कार्ड आणले होते.

सर्व गोष्टी गोड झाल्या असे मात्र समजू नका. तसे सांगितले तर ते खोटे ठरेल. एक तरुण भगिनी, जिच्यावर आमचा फार भरवसा होता, ती भिशीचे पैसे घेऊन एका रात्री निघून गेली. बायकांचे कष्टाचे पैसे होते. त्या दिवशी “आम्ही सांगत नव्हतो?” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले की मोजणे सोडून दिले. पैसे आम्ही वर्गणी काढून वर्षभरात भरून दिले. परंतु त्याच सभेत एका सभासदाने विचारले, “याआधी भिशी बुडाली ती कुणी बुडवली होती?” ती बुडविणारा तुरुंगाची पायरीही न चढलेला प्रतिष्ठित गृहस्थ होता. त्याच्यामुळे सर्व प्रतिष्ठितांना आम्ही दारे बंद केली नव्हती. मग एकीसाठी सर्वजणींना का करावीत? ठराव कायम राहिला. भिशीची पेटी मात्र त्या दिवसापासून दोन किल्ल्यांची झाली. विश्वास ठेवावा आणि हिशेबही ठेवावा. दोहोंत वैर नाही.

आणखी एक आक्षेप नेहमी येतो. “प्रामाणिक बायकांना काम नाही, आणि तुम्ही गुन्हेगारांना देता?” प्रश्न पोटातून आलेला आहे, म्हणून त्याची थट्टा करू नये. विडीचे काम कमी कमी होत चालले आहे, कारखान्यांत कंत्राटी भरती आहे, हे आम्हांला ठाऊक नाही असे नाही. परंतु आधी दाखविल्याप्रमाणे, रांगेबाहेर ठेवलेली बाई नाहीशी होत नाही. ती फुकट राबून रांगेतलीचाच दर पाडते. तिला रांगेत घेणे म्हणजे आपल्या मजुरीला कुंपण घालणे होय. आम्ही तिच्यावर उपकार करीत नाही, आपले राखतो.

तुरुंगातल्या अधिकाऱ्यांना एक नम्र सूचना. आत शिवणकाम शिकवितात, ते शिकविणारांचे कष्ट आम्ही जाणतो. परंतु बाहेर आल्यावर यंत्र कोठून आणावयाचे आणि कोणत्या दराने शिवावयाचे, हेही तिच्याशी बोलले पाहिजे. हात शिकवून बाजार न शिकविणे म्हणजे बी देऊन शेत न देणे. सुटकेच्या महिनाभर आधी जर कामगार संघटनांच्या आणि बचतगटांच्या दोन बायका आत येऊ दिल्या, तर दिंडीबाहेर तिची वाट पाहणारे कोणी तरी चांगले माणूस असेल.

आणि आपणांस तीन मागण्या. मागणी करण्याची आम्हांला सवय आहे, तेव्हा रागावू नये. आपल्यापैकी ज्यांची खोली भाड्याने द्यावयाची आहे, त्यांनी अशा बाईकडून भाडे अवश्य घ्यावे, पण तिला दारातून परत लावू नये. ज्यांच्या हाती कारखाना, दुकान, खाणावळ, द्राक्षांचा मळा किंवा कांद्याची खळी आहे, त्यांनी इतरांना देता तोच रोज तिला द्यावा. न कमी, न जास्त. आणि ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही, अशा आम्हा-आपणांसारख्यांनी एवढेच करावे की, ती नळावर आली, देवळात आली, हळदीकुंकवाला आली, तर “कुठं होतीस?” असे विचारू नये. “कशी आहेस?” असे विचारावे.

ती ढाब्यावरची बाई आज आमच्याकडे सोबतीण आहे. गेल्या आठवड्यात तिने एका नव्या मुलीला कचेरीत आणले. आम्ही अर्ज काढला, नाव लिहिले, आणि जुन्या सवयीने चुकून विचारून गेलो, “किती वर्षं...” तिने आमच्याकडे असे काही पाहिले की आम्ही वाक्य तेथेच तोडले आणि अर्ज पुढे सरकविला. पन्नाशी उलटली तरी आम्ही शिकतोच आहोत.